भाव येईपर्यंत हॉलमध्ये

२० नोव्हेंबर २०२२, रविवार. धुळे.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण आपण वेळेवर कसा अचूक निर्णय घेतला, हे आपल्यालाच पुढे आठवलं पाहिजे.
गावाहून माझ्या वाट्याचा कापूस आला. वीस क्विंटल. सोफा उभा करून भिंतीला टेकवला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला, हॉलमध्ये खिडकीच्या वरच्या गजापर्यंत कापूस. शेती धाकटा भाऊ पितांबर करतो, माल निम्मा निम्मा. त्याने स्वतःचा निम्मा शेतातूनच विकला, क्विंटलला नऊ हजारांच्या वर भावाने. मला म्हणाला, भाऊ, भाव चांगला शे, बठ्ठा इकी टाकूत. म्हणजे सगळाच विकून मोकळं व्हायचं! मी हसलो. गेल्या उन्हाळ्यात हाच कापूस बारा हजारांवर गेला होता. पितांबरला पहिल्यापासून धीर नाही.
बायकोचं, सुनंदाचं म्हणणं, मृणालीचं लग्न या उन्हाळ्यात करायचंच आहे, आजच कापूस विकून जळगावला जाऊ, तीन तोळ्यांची पाटल्यांची जोडी आरामात होते. आमच्या लग्नात तिच्या हातांत पितळेच्या पाटल्या होत्या आणि माझ्या आत्याने त्या सगळ्यांसमोर घासून बघितल्या होत्या. तेव्हापासून तिचं एकच, मुलीच्या दोन्ही हातांत खऱ्या हव्यात.
मी शांतपणे समजावलं. महागाईत पैसा कुजतो, म्हणून माल धरून ठेवायचा. सोनं मात्र फुगलंय, तोळ्याला त्रेपन्न हजार, ते चाळीस हजारांवर उतरणार. तेव्हा चार तोळे घेऊ. ती म्हणाली, सगळंच महागतं तर सोनंच कसं उतरेल? आणि सोनं उतरू शकतं तर कापूस का नाही उतरणार?
अर्थशास्त्राचा अभ्यास नसला की असे प्रश्न पडतात.

८ डिसेंबर, संध्याकाळी सात
गल्लीत वरात. लोक नाचतायत आणि मी पाण्याची बादली घेऊन दारात. एक ठिणगी खिडकीतून आत गेली की पाटल्या, लग्न, घर, सगळं खलास. घरात उदबत्ती बंद आहे. देवासमोर समईऐवजी छोटा बल्ब. सुनंदा म्हणाली, देवालाही तुमच्या भावाची वाट बघायला लावा. दुर्लक्ष केलं.
एक रॉकेट आमच्या गच्चीवर पडलं. धावत जाऊन सगळी बादली ओतली. कापसाचा भाव जरा खाली आहे. व्यापाऱ्यांची चाल. मोठ्या तेजीआधी असंच करतात, मोबाईलवर एकाने नीट चार्ट काढून दाखवलंय.

२२ जानेवारी २०२३, रविवार
साक्रीचे तोतारामआबा मुलाला, स्वप्नीलला घेऊन मृणालीला बघायला आले. बसवायचं कुठे? बाहेर ओट्यावर. आबांना पाणी प्यायला आत जावं लागलं आणि ते कापसाला टेकून उभे राहिले. नंतर पोहे खाताना मान, पाठ, कोपर, सगळं खाजवत होते. कापसातले किडे. मी म्हणालो, हवा कोरडी आहे. सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की मी माझी पोह्यांची बशीही आबांपुढे सरकवली.
तरी जमलं! पोरगा सरळ आहे. आबा म्हणाले, आम्हाला काही नको, पोरगी द्या. मी उगाच जोरात म्हणालो, दोन्ही हातांत दीड दीड तोळ्याच्या पाटल्या घालूनच पाठवीन. बोलून गेलो. पण वाईट काय, सोनं तर उतरणारच आहे. (आज सत्तावन्न हजार. शेवटचा फुगा.) कापूस आठ हजार तीनशे. लग्न एकोणतीस मेला.
संकल्प: रोज भाव बघायचा नाही. आठवड्यातून एकदा.

२३ जानेवारी
दोनदा बघितला.

१८ मार्च, शनिवार
अवकाळी पाऊस. हॉलचं छत एका कोपऱ्यात गळलं. सुनंदा, मी आणि मृणाली, तिघांनी रात्रीचं जेवण टाकून ओला कापूस वेगळा केला. थोडा पिवळा पडलाय. मृणाली खाली मान घालून कापूस निवडत राहिली. तिने बोलायला हवं होतं, बरं वाटलं असतं.
पितांबरचा फोन. भाऊ, आतेबी इकी टाका, पुढे आखो पडी. आणखी पडेल म्हणे! मी म्हणालो, मोठ्या भावाला शिकवू नकोस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सुनंदा शेजारीच उभी होती. सात हजार सातशे. ही तळाची पातळी. इथून खाली जाणं शक्यच नाही.

२२ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
सोनं एकसष्ट. सणाची खरेदी असते, म्हणून. सण संपला की धाडकन येणार.
आमरसाचं जेवण स्वयंपाकघरात, पाय पोटाशी घेऊन. सुनंदाने जेवताना हिशोब मांडला: नोव्हेंबरात जोडी होत होती, जानेवारीत पातळ जोडी, आता दीड पाटली. दीड पाटली कुठल्या दुकानात मिळते, असं तिने मला विचारलं. मी रस जास्त घेतला. अंगाला खाज सुटते, झोप येत नाही. तिलाही येत नसणार. विचारलं नाही.

१६ मे, मंगळवार
विकला. विकला म्हणण्यापेक्षा बाजारातून धोरण म्हणून बाहेर पडलो. लग्नाला दोन आठवडेही उरले नाहीत आणि पाहुण्यांना हॉल हवा. व्यापाऱ्याने मुठीत कापूस घेतला, नाकाला लावला, पिवळा म्हणाला. सहा हजार सातशे. वजन भरलं जेमतेम सतरा क्विंटल. बाकीचे तीन कुठे गेले? सुकला, भिजला, उंदरांनी नेला. हॉल रिकामा झाल्यावर इतका मोठा वाटला की मला तिथे बसवेना.
रोख घेतली, सगळ्या गुलाबी दोन हजारांच्या नोटा. सुनंदा म्हणाली, उद्याच जळगाव. मी म्हणालो, चार दिवस थांब, सोनं घसरतंय, मला वास येतोय. रोख हातात आहे, आता माणूस राजा.

१९ मे, रात्री
टीव्हीवर बातमी. दोन हजारांच्या नोटा परत घेणार. चालतील म्हणतात, बदलून मिळतील म्हणतात, पण भरवसा काय? कपाटातलं बंडल काढून पुन्हा पुन्हा बघितलं. कापूस निदान खाजवत तरी होता. सुनंदाने पहाटेचा गजर लावला आणि दिवा बंद केला. ती भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

२० मे, शनिवार
पहाटेच्या गाडीने जळगाव. दुकानात माझ्यासारखीच गुलाबी बंडलं घेऊन गर्दी. दुकानदार गोड हसला आणि म्हणाला, नोटा घेतो, पण या नोटांना भाव जरा वेगळा. मजुरी, टॅक्स. मी तोंड उघडलं तर मागचा माणूस म्हणाला, काका, घ्यायचं नसेल तर सरका.
एक पाटली झाली. दीड तोळा. उरलेल्या पैशांत दुसरी होईना. हल्ली एकाच हातात घालतात, नवीन फॅशन आहे, असं मी येताना गाडीत म्हणालो. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. डबी तिने पदरात घट्ट धरली होती.

३० मे, मंगळवार
काल लग्न झालं. डाव्या हातात पाटली, उजव्या हातात हिरव्या बांगड्या जास्तीच्या भरल्या होत्या, म्हणजे दिसू नये. सुनंदा सारखी जाऊन त्या सावरत होती. मी पाहुण्यांना न विचारताच फॅशन सांगत होतो. तोतारामआबा नुसते हं म्हणाले.
जेवणाआधी पितांबरने मृणालीला मांडवाच्या कडेला बोलावलं आणि खिशातून डबी काढली. पाटली. दीड तोळ्याची. नोव्हेंबरात कापूस विकला त्याच आठवड्यात पुतणीसाठी घेऊन ठेवलेली. एकच शेत, एकच वेचणी. मृणालीने उजवा हात पुढे केला. सुनंदा सगळ्यांसमोर रडली. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.
पितांबर आज गावी निघाला. लागवड खोळंबलीय. चप्पल घालताना त्याने खाली बघत, मला वाईट वाटू नये अशा आवाजात विचारलं, भाऊ, यंदा तुमना वाटाना कापूसबी मीच इकी टाकू का?
मनात आलं, त्याला बाजाराचा कल नीट समजावून सांगावा. सुनंदा दारात उभी होती. मी मान हलवली, हो म्हणून.