सहाशेपैकी पाचशे चोवीस

शिराळा,
सोमवार

आदरणीय विश्वजित पाव्हण्यांस शिराळ्याहून रामराम.

इकडं सर्व क्षेम आहे (तुमच्या भगिनी विजयमाला यांचा स्वभाव सोडून, पण तो तुम्हाला आमच्याआधीपासून ठाऊक आहे). तुमचा गुडघा कसा आहे? सांगलीत राहून हळदीच्या लेपानं गुण येईना, म्हणजे लेपातच भेसळ आहे, असं माझं स्पष्ट मत. फोन केला असता, पण वहिनी स्पीकर लावून ऐकतात, लगेच विजयमालेला कळवतात आणि तिथलं वाक्य संपायच्या आत इथं आमच्या स्वयंपाकघरात भांडी आपटतात. म्हणून पत्र.

विषय तुमच्या भाचीचा. दहावीला सहापैकी चांगले पाच विषय धरून टक्केवारी काढतात. त्या हिशेबानं साक्षीला ८७.४० पडले. गणितात बावन्न आहेत, पण ते सहाव्या जागी ढकलले की दिसत नाहीत. मी चौकात फ्लेक्स लावला, त्यावर 'नव्वद टक्के' छापलं. (फ्लेक्सवाला म्हणाला, "पॉइंटातलं लांबनं वाचाय येत न्हाई.") आणि या पोरीनं सांगलीच्या त्या निवासी कॉलेजच्या फॉर्मवर काय भरावं? ६०० पैकी ४८९! साडेएक्क्याऐंशी टक्के! गेल्या साली तिथली यादी पंच्याऐंशीला बंद झाली म्हणतात.

विचारलं, तर म्हणते, "पप्पा, सगळ्या विषयांचं विचारलंय. हाय तेवढं लिवलं."

पाव्हणं, नुसतं विचारलं म्हणून कोणी खरं लिहितं का? आम्ही नागांच्या गावचे शिराळकर; पोतं हललं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय हात घालत नाही. मला वाटलं, हिला सांगली नको असणार. किंवा मैत्रीण अर्फा इथंच राहतेय, म्हणून दोघींचा बेत असणार. आठवडाभर पाळत ठेवली. शेवटी दप्तर तपासलं, तर वहीत सांगलीच्या बसचं वेळापत्रक, लाल शाईनं, रविवारच्या परतीच्या गाड्यांसकट. म्हणजे जायचंय तर खरं! मग संशय दुप्पट झाला.

तेव्हा मी सिकंदरच्या ई-सेवा केंद्रात गेलो आणि फॉर्म दुरुस्त करायला लावला. ८७.४० टक्के म्हणजे सहाशेपैकी पाचशे चोवीस, हे त्रैराशिक मी तिथं उभ्या उभ्या तोंडी केलं. सिकंदर म्हणाला, "काका, ह्यो आकडा मार्कलिस्टवर कुटंच न्हाई वो." मी म्हटलं, "गड्या, गणित माझं हाय, बटण तुझं. दाब."

परवा कॉलेजचं पत्र आलं : गुणांतील तफावतीचा खुलासा सादर करा, अन्यथा अर्ज बाद. साक्षी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोन दिवस मला "आपण जेवलात का?" असं विचारते आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
नाथाजी

ता. क. : फॉर्मवर सांगलीतले पालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचा मोबाईल आहे. गेल्या मंगळवारी मी तुमच्याकडून घेतलेला ओटीपी गॅस सिलिंडरचा नव्हता. तरी कॉलेजात जाऊन 'आकडा नजरचुकीनं मीच टाकला' एवढं सांगून यावं. तुमचा चेहरा प्रामाणिक आहे, माझा तसा नाही.

पुन्हा ता. क. (पुढचा सोमवार) : आता जाऊ नका. पाकीट टपालात टाकायला साक्षीकडे दिलं होतं. तिनं ते उघडून पत्राची झेरॉक्स काढली आणि 'पालकांचा स्वहस्ताक्षरातील खुलासा' म्हणून कॉलेजला जोडली. पत्र आज परत हातात दिलं, वर म्हणाली, "मामांना आता पाठवा." (विजयमालेनंही वाचलं आहे. भांडी नवी घ्यावी लागतील.)

अर्ज ४८९ वर मान्य झाला आणि कॉलेजनं सगळ्यांचेच सहा विषय धरल्यामुळं यादीत तिचं नाव शेवटून तिसरं लागलं. पाव्हणं, खरे मार्क लिहून, वशिला न लावता, नंबर लागला! त्या कॉलेजात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. प्रवेश घेण्याआधी जरा चौकशी करून कळवा.