अंगठ्याची उडी

आई, परवा अकोल्याहून अमरावतीला जाऊन आले. विसरण्याच्या आजाराच्या तपासणीला दर सहा महिन्यांनी जाते, ही तिसरी खेप. डॉक्टरीणबाई डोक्यावर तारेचं जाड वेटोळं धरतात, टक्‌ असा आवाज होतो आणि मी न हलवता माझा अंगठा उडतो. मग मनगटाला बारीक झटका देऊन लगेच डोक्यावर तीच टिचकी. निरोगी मेंदू त्या झटक्यानंतर अंगठ्याला आवरून धरतो म्हणे. मी अंगठ्याकडे टक लावून बसले होते. नको उडू रे बाबा, असं मनात म्हणत होते. तो उडालाच.

तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. अकोटच्या शाळेत आयुष्यभर पाढे शिकवलेली तू, त्या दुपारी स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन नुसती बसली आहेस. पिठात चहा ओतला आहेस. मी ओरडते, "लक्ष कुठं असते वं तुहं? येडी झाली का?" तू परातीकडे पाहत हळूच म्हणतेस, "मले भेव लागून राह्यलं वं, बाई." आणि मी मिक्सर सुरू करते. चटणी कधीचीच बारीक झाली होती, तरी मी तो बंद केला नाही. पुन्हा तू ते कधी बोलली नाहीस. पुढे तर मलाच 'तुमी कोन?' विचारू लागलीस.

परवा डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वेळचे आलेख शेजारी ठेवले. "अंगठा आवरणं दर वेळी कमी होत चाललंय. हे आणि स्मरणाच्या चाचण्या मिळून पुढचा अंदाज येतो. अंदाजच, नेमकं नाही. सांगू?"

"सांगा," म्हटलं.

दोनेक वर्षांत मला घरात एकटं सोडता येणार नाही, असं त्यांना वाटतं.

लेक बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणे डॉक्टर?"

"काई नाई. सारं ठीक आहे."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी मनातल्या मनात गावं म्हणत राहिले. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. एकही चुकू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

तू आता नाहीस, तरी तुला लिहायला बसले खरी. पण आई, हा कागद मी लेकीच्या कपाटात, तिच्या ओढण्यांच्या घडीत ठेवणार आहे. तोंडानं सांगायची हिंमत नाही माझ्यात.