बाबांचा गिझर

६ मार्च
ठरलं एकदाचं! बाबा आमच्याकडे राहायला येणार. बाथरूममध्ये पाय घसरून पडले, तेव्हापासून दादा आणि मी मागे लागलो होतो. आज स्वतःच म्हणाले, "येतो बाई, तुमच्या जिवाला घोर नको." इतक्या सहज? आनंदाऐवजी संशयच आला.

८ मार्च
बॅगा गाडीत, कुलूप माझ्या हातात — आणि बाबा बाथरूममध्ये! "गिझर रिकामा केल्याशिवाय निघायचं नाही. पाणी साचून टाकी गंजते."

दादाला फोन लावला. "बटण बंद करा आणि निघा!" लांबून सगळंच सोपं असतं.

बाबांना स्टुलावर चढायचं होतं. मी चढू देईना. मग ते दारात खुर्ची टाकून बसले, आणि अख्ख्या बँकेच्या शाखेला कामाला लावणारी मी त्यांचा हरकाम्या झाले. "नुसतं बटण नको, मेन स्विच पाड." पाडला. "आता पाणी गार होऊ दे." अहो, किती वेळ? "भाजून घ्यायचंय का?" थांबले. तेवढ्यात माझे लहानपणचे सगळे पराक्रम ऐकवून झाले.

मग टाकीत पाणी येतं तो कॉक बंद. गरम पाण्याचा नळ उघडा — "हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर येईल कसं?" शेवटी टाकीखालच्या तोंडाला रबरी नळी, तिचं टोक मोरीत. भळाभळा गढूळ पाणी!

"बघ, एवढं पोटात घेऊन बसला होता बिचारा. बोलला नाही कधी."

मी नळी धरून उभी.

९ मार्च
बाबा फारच शहाण्यासारखे वागतायत. वाढलं ते जेवले, टीव्हीचा आवाजही कमी! नवरा म्हणाला, "उगीच घाबरत होतीस."

१० मार्च
"मी आंघोळ करून घेऊ का?" — बाबांनी विचारलं. मला! पोटच्या लेकीला! "करा की," म्हटलं आणि ऑफिसला पळाले. दिवसभर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

११ मार्च
सकाळी खोली रिकामी! लगेच फोन लावला. फोन उचलला बाई त्यांनी. "घरीच आलोय. किल्ली होती एक माझ्याकडे. गिझरची टाकी पूर्ण भरली, नळाला धार लागली, मगच मेन चालू केला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला मिस्त्री येतोय. आणि हो, माझा टॉवेल तिकडे राहिलाय. तेवढा आण."

मी गेले. टॉवेल दिला. परत चला, असं म्हणायचं राहूनच गेलं.