आईची सीट

चिरंजीव,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहितो.

तू एकट्याच्या सीटची ती रेसची मोटरसायकल आणलीस, तेव्हा मी म्हणालो होतो, "ज्याच्या मागे आईला जागा नाही, त्याच्याशी मला बोलायचं नाही." दोन वर्षं बोललो नाही. गाडी इथेच ठेवून तू परगावी गेलास, तेव्हाही नाही.

आज मनात आलं, नुसती पडून गंजण्यापेक्षा मागे सीट बसवून घेऊ. तर तुझ्या मेकॅनिकने फळीवरून तयार सीटच काढली. मी विचारलं, "ही कुणाची?"

"काकूंची! दर मंगळवारी दादा लावून घ्यायचा, त्यांना फिरवून आणलं की काढून ठेवायचा. तुमच्या स्कूटरवर त्या बसत नाहीत ना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी दादाला तुम्हाला न सांगण्याची शपथ घातली होती."

मी तिथल्या टायरवरच बसलो. तीस वर्षं "मला चक्कर येते" म्हणणारी तुझी आई! आणि तू? माझा एवढा अबोला सोसलास, पण तोंडातून ब्र काढला नाहीस.

सीट लावून गाडी दारात आणली. हिला म्हटलं, "बसतेस?" मी फूटरेस्ट दाखवायच्या आत ही पाय टाकून बसलीसुद्धा. कोपऱ्यापर्यंत गेलो असू, तर कानाशी म्हणते, "अहो, तो इतकं हळू नाही चालवत."

तुझा,
आजवर एकटाच हिंडलेला
बाबा