एका हाताचा रेणू

आर्वी, ८ जानेवारी १९५७

प्रिय नरहर,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, फार हुरळू नकोस. तुझा मासिकातला नायलॉनवरचा लेख वाचून अंगाचा तिळपापड झालाय.

इवले इवले रेणू हात धरत जातात आणि त्यातून लांबच लांब साखळी होते, हे शिकवायला मी मुलींना मैदानात उभं करते, हे गेल्या वर्षी मीच तुला कळवलं होतं. एक लाल रिबिनवाली, एक निळी, पुन्हा लाल. हात जुळला की एकीनं चिंचोका खाली टाकायचा, तो बाहेर पडलेला पाण्याचा रेणू. चिंचोक्यासकट सगळं उचललंस! माझं नाव कुठंही नाही. त्याचा राग नाही असं लिहिणार होते, पण आहे, चांगलाच आहे.

पदरचं एकच वाक्य घातलंस: 'एका हाताचा रेणू म्हणजे साखळीतला बिघाड.' गोपिकाबद्दलही मी लिहिलं होतं ना? कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून तिचा डावा हात गेला. खेळात ती टोकाला उभी राहते, ऐटीत. तुझा अंक शाळेत आला आणि मुलींनी तिचं नावच 'बिघाड' ठेवलं. आठ दिवस ती आलेली नाही. घरी गेले, तर दाराआडून विचारते, "बाई, मी बिघाड होय काय?"

आणि तू लिहिलंस ते अर्धवट आहे! एका हाताचे थोडे रेणू मुद्दाम घालतात, साखळी हवी तिथं थांबावी म्हणून. नाहीतर ती वाढतच जाते, रस घट्ट होतो, धागा ओढता येत नाही. कॉलेजात आपण एकाच पुस्तकातून हे शिकलो. वाक्य झोकदार व्हावं म्हणून तू ते गाळलंस.

पुढच्या शनिवारी तू आमच्या संमेलनाला पाहुणा म्हणून येतोयस. भाषण नको. गोपिकाची आई कुंताबाई म्हणाली, "त्या सायबानं सर्वायसमोर चूक कबूल केली, तं पोरीले शाळेत धाडीन." संमेलनापुरती ती तिला घेऊन येणार आहे. तेव्हा मुलींच्या साखळीच्या एका टोकाला गोपिका आणि दुसऱ्या टोकाला तू, एक हात पाठीशी बांधून. चूक मोठ्यानं कबूल कर. धरलेला हात सोडून जायची तुझी सवय मला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र घंटा होईपर्यंत सोडायचा नाही.

तुझीच, एकेकाळची,
इंदिरा