चराची माती कोणत्या अंगाला?

मी, थर्झा कॉन्टर, विधवा, वय एकोणऐंशी, राहणार डार्टमूरच्या माळाकाठी, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. याआधीची मृत्युपत्रे मी चुलीत घातली. हे तरी टिकू दे.

कलम १. गाय आणि बँकेतील शिल्लक भाची एम्ब्लिनला. आजारपणात तिने माझी बडबड सोसली.

कलम २. जमीनदाराच्या कारभाऱ्याला माझ्या दफनाला येऊ देऊ नये. आलाच तर दफनानंतरच्या जेवणात त्याला हॅम वाढू नये.

कलम ३. शेत. इथे हात अडतो. मघापासून चारदा उठून खिडकीशी जाऊन आले.

माझे शेत आणि जमीनदाराचा माळ यांच्यामध्ये पूर्वापार मातीचा बांध आहे. बांधाच्या माळाकडच्या अंगाला चर, त्यातून गोठ्याला पाणी येते. आमची रीत अशी, की चर ज्याचा, त्याने उकरलेली माती आपल्याच अंगाला टाकायची; आमची बांधावर. पलीकडे टाकली, तर चर पलीकडच्याचा. हे इथले शेंबडे पोरही जाणते.

वसंतात मी अंथरुणाला खिळले होते. माझ्या एकुलत्या एका मुलाने, एलियासने, चर साफ केला आणि सगळा चिखल माळावर फेकला! लगेच कारभारी दारात. "बाई, चर आमचा. माती आमच्याकडे टाकून तुमच्या मुलानेच कबूल केलंय." खटला अजून चालू आहे.

"अरे मेल्या, असं का केलंस?"

"बांधावरची पिवळी फुलं बुजली असती, आई. तुला पलंगावरून तेवढीच दिसायची."

"फुलांना काय जाळायचंय?" म्हणून मी त्याला घराबाहेर काढले. तेव्हापासून शेत कधी एम्ब्लिनला लिहिते, कधी त्याला, आणि जाळते. झोप नाही.

आज सह्या व्हायच्या होत्या. सायलस लोहार आला, आणि दुसरा साक्षीदार म्हणून चक्क एलियासला घेऊन आला. एलियासने लेखणी उचलली.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, ठाऊक आहे ना?" मी विचारले.

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो. एकदाचं मिटेल, तुला झोप लागेल."

मी लेखणी हिसकावून घेतली. पुढचे उभ्या उभ्याच लिहिले, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. शेत, बांध, चर आणि खटला, सगळे एलियासला. गाढव आहे, पण माझे आहे.

थर्झा कॉन्टर
डार्टमूर, ९ ऑक्टोबर १९३१

आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. सायलस विडन, लोहार
२. ऑनर टॅपर, शिक्षिका (यांना धुक्यातून एलियासनेच बोलावून आणले.)