तुळशीरामच्या बंदुकीचा दस्ता

३ जुलै २००१, सकाळी ७
काल मंडळात नरहरने चारचौघांत जे सांगितले, त्यात तीन चुका आहेत. नरहर हा माझा साडू. त्याचे शब्द असे: "तुळशीराम गेल्यावर मे महिन्यात अनंतरावनं त्याची आटोमेटिक बंदूक पोट्टीसाठी सांभाळाले ठेवली." एक: महिना मे नव्हे. व्यवहार २८ जून रोजी झाला. दोन: बंदूक ऑटोमॅटिक नसून अर्धस्वयंचलित आहे. चाप प्रत्येक वेळी ओढावाच लागतो; पुढचे काडतूस तेवढे ती आपण होऊन भरते. तीन: 'सांभाळायला ठेवली' नव्हे, 'विकत घेतली'. माझ्या परवान्यावर रीतसर चढवून आणि पावती घेऊन.

दुरुस्ती ऐकून नरहर म्हणाला, "म्हणजे पोट्टीले वापस नाही देणार का?"

देणार. तुळशीरामची मुलगी भावना हिने परवान्यासाठी अर्ज केला आहे. आमचे राज्य मध्य प्रदेशातून वेगळे होऊन आठ महिने झाले, येथे रायपूर राजधानी झाली, परंतु तिची फाइल अद्याप भोपाळलाच नांदते आहे. परवाना आला की बंदूक तिला विकावयाची आहे. तोवर मालक मी. मालक आणि राखणदार यांत फरक असतो.

५ जुलै
तुळशीराम रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. उंची सहा फूट. तीस वर्षे दर रविवारी आम्ही चांदमारीच्या मैदानावर बरोबर जात असू. तो यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडीत असे, मी गुण लिहीत असे. तीस वर्षांत माझ्या वहीत एकही खाडाखोड नाही.

आज मोजमाप केले. दस्त्याचे, म्हणजे खांद्याला लावावयाच्या लाकडी भागाचे, टोक कोपराच्या खोबणीत टेकवले असता तर्जनीचे पहिले पेर चापावर यावे, असा नियम आहे. माझे पेर दीड इंच अलीकडे थांबते.
निष्कर्ष: बंदूक लांब आहे.

८ जुलै, रविवार
पंचवीसपैकी दोन. कारण दस्ता. सदऱ्याच्या बगलेत अडकतो. तो खांद्यावर येईपर्यंत तबकडी आपला प्रवास आटोपून जमिनीवर पोहोचलेली असते.

११ जुलै
महत्त्वाची वार्ता. क्लबचा सेक्रेटरी सुशील याने सांगितले की नव्या राज्याचा पहिला संघ निवडावयाचा आहे. चाचणी ७ ऑक्टोबरला. साठ वर्षांवरील गटही ठेवण्याचा विचार आहे. मी विचारले, नावे किती आली? तो म्हणाला, "अंकल, अभी तो एक भी नहीं."

माझे वय सदुसष्ट. मध्य प्रदेशात असतो तर इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर येथील लोक आडवे आले असते. आता ते परराज्यात गेले. भूगोलाने प्रथमच माझी बाजू घेतली आहे. नाव दिले.

संकल्प: रोज पहाटे शंभर वेळा बंदूक खांद्याला लावणे. (रिकामी.)

१५ जुलै, रविवार
पंचवीसपैकी दोन. दुसरे काडतूस तीनदा अडकले. सुशील म्हणतो, ही बंदूक धक्क्याच्या जोरावर पुढचे काडतूस भरते, म्हणून "कंधा पक्का रखिए, अंकल, बंदूक को टेक चाहिए." खांदा पक्काच आहे. दस्ता लांब असल्याने त्याला तो सापडत नाही.

शंभराचा संकल्प काल अकरावर थांबला. उद्यापासून नियमित.

१८ जुलै
शारदेने शिवणाच्या टेपने माझी उंची मोजली. पाच फूट सव्वाचार इंच. टेप ताणलेला असावा. पाटबंधारे खात्यातील माझ्या सर्व्हिस बुकात १९५७ साली पाच फूट साडेसहा इंच अशी नोंद असून तिच्याखाली कार्यकारी अभियंत्याची सही आहे. शारदा म्हणाली, "अहो, तो साहेब बी आता नाही राहिला, अन् ते इंच बी नाही राहिले. लांब बंदूक नाही झाली, तुमी आखूड झाले." ('झालात' हवे.) चर्चा तेथेच थांबवली.

२१ जुलै
पुरानी बस्तीतील झाडूराम मिस्त्रीकडे गेलो. बंदुकांची लाकडे तोच करतो. त्याने सुचवल्यावरून दस्ता थोडासा कमी करून घेतला. तो म्हणाला की साध्या दुनळीचा दस्ता वाकवून माणसाच्या बेताचा करता येतो, पण हिच्या दस्त्यात स्प्रिंगची नळी आहे, म्हणून वाकवता येत नाही. फक्त कापता येतो. वर म्हणाला, "काटे के बाद लकड़ी ह बाढ़य नइ, बाबूजी. काकर बंदूक हे?"
बंदूक माझी, असे सांगितले. पावती खिशातच होती.

२२ जुलै, रविवार
पंचवीसपैकी चार. आठवड्यात शंभर टक्के वाढ. या गतीने ७ ऑक्टोबरपर्यंत पंचवीस पुरणार नाहीत.

सुशील म्हणाला, "अंकल, तबकड़ी निकल जाती है, तब आप चलाते हैं." हे त्याचे मत झाले.

५ ऑगस्ट
अंजनाबाई येऊन गेल्या. तुळशीरामच्या पत्नी. सोबत भावना होती. आईची भाषा वऱ्हाडी, मुलीची हिंदी, आणि दोघी एकमेकींशी खुशाल बोलतात.

भावनाही ७ ऑक्टोबरच्या चाचणीस बसणार आहे, मुलींच्या गटात. परवाना आला नाही, म्हणून माझ्यासमक्ष तीच बंदूक चालवील. क्लबला ते चालते. अंजनाबाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी त्याच बंदुकीवर शिकली. बापाएवढीच उंच झाली, दुसरी कोणती तिच्या अंगाले बसतच नाही. तुमच्यापाशी आहे म्हणजे काळजी नाही."

भावना म्हणाली, "काका, अगले संडे से प्रैक्टिस करूँ?"

मी म्हणालो, अवश्य.
त्या गेल्यावर चहा गार झाला होता. प्यायलो नाही.

१२ ऑगस्ट, रविवार
भावनाला फोन करून सांगितले की बंदूक साफसफाईसाठी झाडूरामकडे आहे.

१९ ऑगस्ट, रविवार
वंगण वाळत असल्याचे कळवले.

२६ ऑगस्ट, रविवार
माझा खांदा दुखत असल्याचे कळवले. ती म्हणाली, "काका, आपको सिर्फ़ बैठना है." बसण्यासही त्रास होत असल्याचे कळवले.

२ सप्टेंबर, रविवार
फोन शारदेने घेतला. म्हणाली, "बंदूक? घरीच आहे नं. कपाटात. हे रोज सकाळी आरशासमोर घेऊन उभे राहतात."
मी स्नानगृहात होतो. तेथेच राहिलो.

९ सप्टेंबर, रविवार
काडतुसांचा तुटवडा असल्याचे कळवले. भावना म्हणाली, "ठीक है, काका." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

१२ सप्टेंबर
तिला पत्र लिहावयास बसलो. पहिला मसुदा: 'सदर बंदुकीचा दस्ता अपरिहार्य कारणास्तव कमी करण्यात आला आहे.' कोणी केला, हे विचारावयास वाक्यात माणूसच नाही. पस्तीस वर्षे कार्यालयात अशी वाक्ये लिहिली. दुसरा मसुदा: 'मी दस्ता कापला.' तीन शब्द. निर्दोष. त्याखाली सही करता आली नाही.

शारदेने दोन्ही कागद वाचले. म्हणाली, "जाऊन सांगून या. दहा मिनिटांचं काम आहे. काहून जीव जाळून राहिले?"
मी म्हणालो, योग्य वेळी.

१५ सप्टेंबर
झाडूरामकडे गेलो. कापलेला तुकडा परत जोडता येईल का, असे विचारले. त्याने तुकडा दाखवला. म्हणजे, तुकडे दाखवले. उभा चिरून त्याच्या दोन पाचरी केल्या आहेत. एक त्याच्या कामाच्या बाकाखाली, दुसरी पलंगाखाली. म्हणाला, अक्रोडाचे लाकूड, फेकवले नाही.

शेवटी रबराची काळी गादी बसवून घेतली. जाडी अर्धा इंच. त्याहून जाड त्याच्याकडे नाही. अर्धा इंच म्हणजे एक तृतीयांश भरपाई. उरलेला एक इंच कोणाच्या लक्षात येऊ नये.

३० सप्टेंबर, रविवार
भावनाने आज फोन केला नाही. दुपारभर टेलिफोनजवळ बसलो होतो. कारण तयार होते.

६ ऑक्टोबर
यापुढे टाळणे अशक्य. भावना घरी आली. बंदूक पाहताच म्हणाली, "पापा की बंदूक." दोन्ही हातांनी घेतली, रिकामी असल्याची खात्री करून घेतली, भिंतीकडे तोंड करून खांद्याला लावली आणि उभी राहिली. काही क्षण. मग खाली घेतली आणि रबराच्या गादीवरून बोट फिरवले.

"ये नया है, काका?"

मी तिला गादीचे फायदे सांगितले. धक्का कमी लागतो, परदेशात सर्रास वापरतात, इत्यादी. सात मिनिटे बोललो असेन. ती म्हणाली, "अच्छा है, काका."
तिच्या लक्षात आले नाही. आनंद व्हावयास हवा होता.

७ ऑक्टोबर, रविवार
वयस्क गटाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एकच नाव असल्याने गट रद्द. सुशीलने मान ठेवून पंचवीस तबकड्या उडवू दिल्या. तीन. मी कोट घालून गेलो होतो.

मुलींच्या गटात दोघींची निवड व्हावयाची होती. भावना अकरा वाजता उभी राहिली. पहिल्या चार फोडल्या. पाचव्या बाराला दस्ता मागे आला आणि अंगठा नाकावर आदळला. आखूड दस्त्याचे हेच होते. अंगठा आणि नाक यांत जागा उरत नाही. सहाव्या बाराला पुन्हा तेच. सातव्याला नाकातून रक्त आले. तिने बाहीने पुसले आणि पुढची तबकडी मागितली.

लोक माझ्याकडे पाहू लागले. बंदूक माझ्या नावावर, मुलगी माझ्या देखरेखीखाली. मी सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भावना, मान आखडू नकोस. तुझी उभे राहण्याची पद्धत चुकते आहे."

ती वळली, माझ्याकडे पाहिले, म्हणाली, "हाँ, काका." आणि मान सरळ केली. ती आधीही सरळच होती.

पंचवीसपैकी सोळा. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे सतरा. गेल्या वर्षी याच मैदानावर, याच बंदुकीने, वडिलांसमोर भावनाचे एकवीस होते. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

९ ऑक्टोबर
अंजनाबाई आल्या. मी पुढच्या खोलीत होतो, उठून जाता आले नाही. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, माफ करजा. तुमी एवढ्या भरवशानं बंदूक देली, अन् पोरीनं चार लोकांत तुमची मान खाली घातली. दोन दिवसांपासून घरात बोलून नाही राहिली. म्हणते, माझंच चुकलं."

पुढे म्हणाल्या, "तुमच्या बंदुकीले काही झालं तर नाही नं?"

'तुमच्या बंदुकीला.' तीन महिने मी हे कोणाकडून तरी ऐकण्याची वाट पाहत होतो.

मी म्हणालो, नाही, काही झाले नाही. बसा म्हणालो. त्या बसल्या नाहीत. त्या गेल्यावर शारदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत गेली. तिने काही म्हटले असते तर मला तिची चूक काढता आली असती.

१२ ऑक्टोबर
काल सकाळी ही रोजनिशी आरंभापासून वाचली. तिच्यात अशुद्ध शब्द एकही नाही. बाकी बरेच अशुद्ध आहे. दुरुस्त्यांची यादी स्वच्छ अक्षरात लिहिली आणि संध्याकाळी रेल्वे कॉलनीत नेऊन भावनाच्या हातात दिली. बंदूकही नेली होती. तिने नाकावर पट्टी लावली होती. यादी दारातच उभ्याने वाचली. मध्ये मध्ये थांबून शब्द विचारले; मराठी तिला सावकाश वाचता येते. मग म्हणाली, "काका, पेन है?"

यादी तिच्या दुरुस्तीसह अशी:

२८ जून. 'विकत घेतली', ही नोंद अपुरी. अंजनाबाई "पोरीची आहे, तोवर ठेवा" म्हणाल्या होत्या व मी "हो" म्हणालो होतो. हे लिहावयाचे राहिले. राहिले नव्हे, मी गाळले.

२१ जुलै. 'थोडासा' याऐवजी 'दीड इंच' असे वाचावे. 'त्याने सुचवल्यावरून' हे शब्द रद्द. झाडूरामने "काटँव का?" असे दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा मी मान हलवली.

२२ जुलै. चार नव्हे, तीन. चौथी तबकडी जमिनीवर पडून फुटली.

१२ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर. दिलेली सर्व कारणे खोटी. सर्व रविवारी बंदूक कपाटात होती व काडतुसे दोन डबे होती.

७ ऑक्टोबर. भावनाची मान व उभे राहण्याची पद्धत निर्दोष होती. चूक दस्त्याची होती, म्हणजे माझी. हे मी सुशीललाही लेखी कळवले आहे. त्याचे उत्तर: निकाल बदलत नाही.

६ ऑक्टोबर. क्रमाबाहेर, कारण ही नोंद भावनाने करावयास लावली. मी यादीत लिहिले होते की दस्ता आखूड झाल्याचे तिला ७ ऑक्टोबरला, चाचणीच्या वेळी कळले. तिने ७ खोडून ६ केले. माझ्या घरी, भिंतीसमोर, बंदूक खांद्याला लागताक्षणी कळले होते. मग बोलली का नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "पापा कहते थे, अनंत काका की गलती मत निकालना. उस दिन वो खाना नहीं खाते."
हे खरे आहे. तुळशीरामच्या ते केव्हा लक्षात आले, त्या तारखेची नोंद माझ्याकडे नाही.